वनटनची खांदेमळणी

पेन्शन घेऊन घरी आलो तेव्हा मी लोकांना सांगायचो, ही माझी शेवटची पोस्टिंग. ठिकाण, चाकूर तालुक्यातलं आमचं गाव. कमांडिंग ऑफिसर, आमच्या महादेवीबाई. ड्यूटी, त्या सांगतील ती. फौजेत सगळी नोकरी मी गाड्या चालवल्या आणि हवालदार म्हणून उतरलो. गावात बैलगाडी सोडली तर चालवायला काही नव्हतं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, नव्या जीपा. पाऊस तेवढा जुन्याच जिल्ह्यात राहून गेला, असं आमच्या चावडीवर म्हणायचे. तिकडचे पाहुणे आले की सांगायचे, आमच्याकडंही नाही. वैरण संपली तसे आम्ही बैल महादेवीच्या माहेरी धाडले, तिकडं थोडं पाणी होतं. मी सवयीनं सकाळी गोठ्यात जायचो, रिकाम्या दावणीपुढं उभा राहायचो आणि परत यायचो.

त्या उन्हाळ्यात मोटारपंपाच्या एका सुट्या भागासाठी नांदेडला गेलो. हमीदचाचांच्या भंगाराच्या आवारात, मागच्या भिंतीला, बाभळीच्या झुडपात ती उभी होती. वनटन. एक टन वजन वाहणारी, चारही चाकांना ताकद देणारी फौजी गाडी. ट्रकपेक्षा लहान, जीपपेक्षा थोराड. फौजेतून निघाल्यावर कुणा ठेकेदारानं ती वापरली आणि टाकून दिली होती. बॉनेट गंजून लाल झालं होतं, पण दाराच्या कडेला नखानं खरवडलं तर खाली हिरवा रंग निघाला. मी दार ओढून आत बसलो. शेजारच्या सीटवर चिमण्यांनी घरटं केलं होतं. बाहेर ऊन होतं, आत गार वाटलं. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

हमीदचाचा आले आणि म्हणाले, "हवालदारसाब, इसमें अब चिडियाँच रहते. क्या करते लेजाके?"

मी म्हणालो, एका म्हातारीला माहूरला न्यायचंय.

ती म्हातारी म्हणजे किशनची माय, गयाबाई. हदगावकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. किशन माझा को-ड्रायव्हर होता. तिकडं वर, बर्फाच्या मुलखात, आम्ही दोघांनी अशीच एक वनटन सांभाळली. मला तो उस्ताद म्हणायचा आणि गाडीला बाई. गाडीशी बोलत बोलत चालवायचा. चढ आला की, "चल बाई, एवढा दम काढ." मी रागवायचो, गिअरकडं लक्ष दे. तो म्हणायचा, "तिला बी कळतंय की, उस्ताद."

पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मला तो एमटी पार्कमध्ये, फौजी गाड्यांच्या तळावर, दिसला. लंगरमधून तूप आणि हळद मागून आणली होती. वाटीत कालवून ती तो गाडीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर चोळत होता. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात तशी. वर्षभर जू वाहून खांदे सोलवटलेले असतात, म्हणून. मग वाकून त्यानं हेडलाइटशी तोंड नेलं आणि बैलाच्या कानात म्हणतात तसं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पंजाबी, गढवाली, मद्रासी, सगळे हसून लोळले. दुसऱ्या वर्षी तेच सगळे आपापल्या गाड्या घेऊन रांगेत उभे होते. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. किशननं कॅप्टनसाहेबांना ते समजावून सांगितलं. साहेब भले होते. त्यांनी ड्यूटीच्या वहीत त्या दिवशी आमच्या वनटनपुढं 'मेंटेनन्स' लिहायला सुरुवात केली.

मायला त्यानं वचन दिलं होतं. सुट्टीत एकदा फौजी गाडी घेऊन येईन आणि तुला रेणुकामाईच्या पायऱ्यांपर्यंत नेईन. फौजी गाडी सुट्टीवर येत नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मला वाटतं मायलाही. पण किशन गेल्यावर ती माहूरला गेलीच नाही. एसटीनं नाही, पायी नाही, कुणाच्या बैलगाडीतून नाही. त्या दुष्काळाच्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा तिनं अंथरूण धरलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मला म्हणाली, किशन न्हेणार हुता, ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. हमीदचाचांच्या आवारात तेच माझ्या डोक्यात होतं. माय आहे तोवर गाडी हदगावला पोहोचली पाहिजे. उशीर झाला तर नुसतं लोखंड उरणार होतं.

ट्रॅक्टरला बांधून गाडी गावात आणली तेव्हा मिरवणूकच निघाली. बैल धाडले आन भंगार आणलं, असं जो तो म्हणत होता. महादेवीनं चहूबाजूनं बघितलं आणि म्हणाली, "हिला वैरण लागत न्हाई, तेवढं बरं हाय." गाडी गोठ्यात, बैलांच्या जागेवर लावली.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑईल ओतलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी हँडल लावून बघायचं, हललं नाही की परत ओतायचं. गंज काढायला पाणी नव्हतं. तारेचा ब्रश, नारळाची शेंडी, रॉकेल आणि कोपरातलं बळ. स्प्रिंगचे पाटे उतरवून घासले. ब्रेकची रबरं सगळी विरघळली होती, ती नांदेडहून आणली. मागची लाकडी बॉडी वाळवीनं खाल्ली होती; आमच्या पडक्या माळवदाच्या सागवानी फळ्या तिला बसल्या. गंजाचा मला भारी राग येतो. शत्रू समोर तरी येतो, गंज पाठीमागून येतो. मी त्याला शिव्या देत घासायचो आणि महादेवी म्हणायची, देवाचं नाव घेत घासा, हात तेवढाच चालतो.

दुपारी सगळं गाव उन्हानं निपचित पडायचं. मी काम थांबवून पुढच्या सीटवर टेकायचो. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात धूळ तरंगायची. डोळा लागायच्या बेतात असला की शेजारी कुणीतरी गुणगुणतंय असं वाटायचं. ऑईलचा वास, कॅनव्हासचा वास, आणि कुठूनतरी तुपात कालवलेल्या हळदीचा. मी डोळे उघडायचो नाही. उघडले की शेजारी चिमण्यांचं जुनं घरटंच असणार, हे मला ठाऊक होतं. ते मी काढलं नव्हतं.

रेडिएटरपाशी घोडं अडलं. फुटक्या जागी झाळून डाग दिल्यावर गळतं का बघायला पाणी भरावं लागतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. महादेवी म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई आन हिला पाजायचं?" दुसऱ्या दिवशी तिनं भांडी विसळलेलं पाणी पातळाच्या धडप्यातून गाळून बादलीभर आणून ठेवलं. रेडिएटर गळला नाही.

आणि एके सकाळी हँडल हललं. मग दिवसभर मारत राहिलो. संध्याकाळी इंजिन खोकलं, काळा धूर टाकला आणि लागलं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. महादेवीनं देवघरातून विभूती आणून बॉनेटवर तीन आडवी बोटं ओढली.

चिमण्यांचं घरटं उचलून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं, आम्ही दोघं गाडी घेऊन हदगावकडं निघालो आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी मायच्या दारात पोहोचलो. आवाज ऐकून ती भिंत धरत धरत बाहेर आली. मी तिचा हात धरून बॉनेटवर ठेवला. तिनं हेडलाइट चाचपले, मडगार्ड चाचपले, दाराची कडी उघडझाप करून बघितली. खूप वेळ ती गाडीभोवती हात फिरवत होती. मग तिनं महादेवीला आत पाठवून शिंक्यातलं लोणी आणि हळद आणवली. तिकडच्या त्या हळदीचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. किशनला ते कुणी शिकवलं, ते मला तेव्हा कळलं. तिनं दोन्ही मडगार्डं मळली आणि वाकून म्हणाली, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मी म्हणालो, माय, उद्या सकाळी माहूरला निघू.

"उद्या पोळा हाय, बाबा. उद्या जुंपायची न्हाई."

किशन गेल्यापासून ती मला विचारत आली होती तो जुना प्रश्न मला ऐकू आला. किशन गेला तो पोळ्याचाच दिवस होता.

वर बर्फ दुपारी वितळतं, म्हणून तिथले नाले सकाळी पायानं ओलांडता येतात आणि दुपारनंतर अंगावर येतात. त्या दिवशी आमच्या बाकीच्या गाड्या कॉन्व्हॉयला गेल्या होत्या. वनटन मडगार्डांवर हळद लावून उभी होती. दुपारी रेडिओ बोलला.

"अल्फा, नाले के बीच लेबर की गाडी फँसी है. आदमी छत पर हैं. वनटन भेजो. ओव्हर."

"वनटन मेंटेनन्स पर है. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली.

"भेजो. आउट."

मी किशनकडं बघितलं. त्यानं चहाचा मग खाली ठेवला, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढून बसला. नाल्यापाशी मी दोर घेऊन काठावर थांबलो. एका खेपेत त्यानं निम्मे मजूर काढले, दुसऱ्या खेपेत दोघं सोडून बाकीचे. पाणी बॉनेटला लागलं होतं. मी हातानं थांब म्हणून खूण केली. त्यानं त्या दोघांकडं बोट दाखवलं आणि गाडी परत पाण्यात घातली. दोघांना घेतलं, वळवली, काठ जवळ आला. मी दोर फेकला. तो त्यानं आधी त्या दोघांच्या हातात दिला. आम्ही त्यांना ओढून घेतलं. तेवढ्यात गाडी कुशीवर झाली आणि गेली. किशन दुसऱ्या दिवशी खाली, वाळूवर सापडला. ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी कोसभर चालतात तिथलं पोरगं पाण्यानं नेलं.

किशन कसा गेला ते मायला मी तेव्हाच सांगितलं होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं होतं, "पण पोळ्याच्या दिवशी जुंपली कशी?" त्यानंतर दर भेटीत तिनं तेच विचारलं. तिच्या घरून पोळ्याला सायकलसुद्धा बाहेर पडायची नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पोळ्याच्या सकाळी मायच्या गावात गडबड नव्हती. बहुतेक बैल चारा छावणीत होते. टँकर यायचा वार होता, पण तो आला नाही. उन्हं चढली तसं सरपंच आणि चार बाया मायच्या दारासमोर येऊन उभे राहिले. सगळे गाडीकडं बघायचे आणि मायकडं बघायचे. शेवटी मी सरपंचांना बाजूला घेतलं. नदीपलीकडच्या एका बागेच्या विहिरीला अजून पाणी होतं, मालक द्यायला तयार होता, पण नदीच्या कोरड्या वाळूतून ट्रॅक्टर निघत नव्हता. गावात काल रात्रीपासून पाणी नव्हतं.

माझ्या लेखी ती गाडी मायची होती, दिवसही तिचाच होता.

माय उंबऱ्यावर बसली होती. तिनं विचारलं, कोण कोण आलंय. महादेवीनं नावं सांगितली. घागरी रिकाम्या हायत, तेही सांगितलं. माय बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"तवा बी माणसंच हुती ना रं, पाण्यात?" तिनं मला विचारलं.

"हाव, माय."

"मग जुंप," ती म्हणाली. "मला बी बसव."

तिला किशनच्या बाजूच्या सीटवर बसवलं. मागं रिकामी पिंपं चढवली. नदीत उतरताना तिनं समोरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"हितं पाणी हाय का?"

"न्हाई माय. नुसती वाळू हाय."

मधोमध चाकं रुतायला लागली. मी फोर व्हील टाकला, गिअर खाली घेतला आणि ॲक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवला. गाडी हळूहळू, पोहल्यासारखी सरकत गेली. वाळू उन्हात चकाकत होती आणि क्षणभर मला ती खरंच पाण्यासारखी दिसली. शेजारी कुणीतरी पुटपुटत होतं. मी वळून बघितलं. माय होती. "चल बाई, एवढा दम काढ," म्हणत होती.

पुढची चाकं कठीण जमिनीला लागली.

"उतरलो का पलीकडं?"

"उतरलो, माय."

तिनं मूठ सोडली आणि म्हणाली, "माझ्या किशनचं लई थोडं ऱ्हायलं हुतं."

संध्याकाळपर्यंत आम्ही पाणी वाहिलं. ती एकदाही खाली उतरली नाही. दुसऱ्या दिवशी तिला माहूरला नेलं, पायऱ्यांपर्यंत, त्यानं म्हटलं होतं तसं. त्यानंतर तिनं तो प्रश्न मला कधी विचारला नाही. पुढच्या पोळ्याला ती नव्हती.

गाडी अजून आमच्या गोठ्यात आहे. बैल परत आले, त्यांना शेजारी दुसरी दावण केली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून झाले की वाटीतली उरलेली हळद मी मडगार्डांना लावतो. किशनचं नाव घेतो, मायचं घेतो आणि आवतण देतो. दुसऱ्या दिवशी चावी खुंटीला असते. पाण्यासाठी कुणी हाक मारली तरच काढतो.