नुसता लाईट
शिरपूरच्या भिकनभाऊंची हयात लग्नांच्या शूटिंगमध्ये गेली. कॅसेट महाग, म्हणून पंगतीतल्या म्हाताऱ्या बायांपुढे ते रेकॉर्डिंगचं बटण न दाबता नुसताच लाईट मारायचे. बाया बिचाऱ्या पदर सावरून हसायच्या. खूश झाल्या ना, मग झालं तर, असं भाऊंचं म्हणणं.

आता ते जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून, काटछाट करून देतात. परवा भरदुपारी एका लग्नाची कॅसेट लावली, तर नवरा-नवरी कुठेच नाहीत. नुसती पंगत, आणि पंगतीत त्याच म्हाताऱ्या, ज्यांचं त्यांनी कधी शूटिंग केलंच नव्हतं. सगळ्या केव्हाच वारलेल्या.

भाऊंनी घाईघाईने कॅसेट बाहेर काढली. पडद्यावरचं चित्र गेलं नाही.

पुढची म्हातारी पदर सावरत काचेजवळ वाकली.

"भाऊ, आते तरी मी दिसस ना?"