माशांच्या पेटीवर चरा नको

नवऱ्याच्या मित्राची बदली झाली आणि त्याच्याकडची माशांची पेटी आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, आली. काचेची नाही, ॲक्रिलिकची. "पडली तरी फुटत न्हाई," असं नवऱ्याने कौतुकाने सांगितलं. फुटत नाही हे खरं, पण नख लागलं तरी चरा उठतो, हे सांगायला तो विसरला. त्याचा उत्साह नव्याचे नऊ दिवस टिकला. पुढे दाणे टाकणं, पाणी बदलणं सगळं माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. मी घरी ब्लाऊज शिवते. दुपारी मशीनवरून उठलं की चहाचा कप घेऊन पेटीपुढे बसायचं. त्या घरात भांडी सासूबाईंची, देव सासूबाईंचे, पडदेसुद्धा त्यांनीच निवडलेले. माझं म्हणावं असं ते मासेच होते.

सासूबाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. पेटी आली त्याच आठवड्यात, मी बाजारात गेलेली पाहून, त्यांनी तिची एक बाजू नारळाच्या काथ्याने आणि रांगोळीने घासून काढली, तांब्याचा बंब घासतात तशी. मी परत आले तर त्या बाजूने मासे धुक्यात पोहत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याही बोलल्या. ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि त्यांना बजावलं, "आत्ती, काय बी करा, पर पेटीला हात लावू नकासा."

तो राग त्यांनी डोक्यात ठेवला. नवरात्र जवळ आलं, घरातली पांघरुणं नदीवर धुऊन आली, माळ्यावरची भांडी खाली उतरली आणि सासूबाईंचा मोर्चा पेटीकडे वळला. सणाच्या शिलाईत माझं तिकडे दुर्लक्ष झालं होतं. आतून हिरवं शेवाळ चढलं होतं आणि वरच्या कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता.

"व्हय गं, ही पेटी हाय का म्हशीचं डबकं? घट बसायच्या आत चकाचक झाली तर ऱ्हाईल. न्हाईतर माशांसकट रंकाळ्याच्या तळ्यात सोडून येतो मी."

नवरा मान खाली घालून चहा पीत राहिला. सासूबाई बोलल्या म्हणजे करणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मग मीही इरेला पेटले. म्हटलं, "चकाचक करतो. आणि एक चरा उठू देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिलाई बाजूला ठेवली. निम्मं पाणी बादलीत काढलं. नवऱ्याची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली गंजी फाडून फडकी केली आणि शिवण कापून टाकली, कारण जाड दोऱ्याचाही भरवसा नाही. कोरडं फडकं फिरवायचं नाही, धूळच चरे पाडते. आधी पेटी ओली करायची, मग पुसायची. काच पुसायचा निळा फवारा कपाटातच राहू दिला, त्याने ॲक्रिलिक पांढुरकं पडतं. कडेच्या थरावर लिंबाच्या रसात भिजवलेली पट्टी लावून ठेवली, तो हळूहळू मऊ झाला आणि जोर न लावता निघाला. मला खरं तर घाईची सवय. उसवतानासुद्धा मी दोरा ओढते. इथे ओढून चालणार नव्हतं. फडकं एकदा फिरवलं की स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यायचं, कारण तळातल्या वाळूचा एक कण अडकला की सगळं मुसळ केरात.

बाहेरचं झालं, आतलं राहिलं. पेटीला वरून रुंद पट्टी आणि हात घालायला कळशीच्या तोंडाएवढं भोक. नवऱ्याला बोलावलं तर त्याचा दंड तिथेच अडकला. मग मी हात घातला आणि खण्ण वाजलं. आदल्याच दिवशी गल्लीत कासार आला होता. सणाचा हिरवा चुडा भरला होता, गच्च, वर सरकेना की खाली उतरेना. मोबाईलच्या उजेडात बघितलं, तर केसाएवढी रेघ उठलीच होती. चुड्यावर रुमाल बांधला, तो भिजून सुटला. पिशवी चढवली, तिच्यात पाणी भरलं. शेवटी वैतागून मोठ्याने म्हटलं, "एका हातातल्या वाढवून टाकतो. परत भरल्या की झालं!"

फोडायच्या असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पण वाढवायच्या म्हटलं तरी सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अक्कल हाय का? घटाच्या तोंडावर सवाष्णीनं हात मोकळं करायचं? नवरा जित्ता हाय की तुझा!"

"मग आतनं कोण पुसणार? तुम्ही तर रंकाळ्यात सोडाय निघालाय."

त्यांनी पदर खोचला आणि माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"सर तिकडं. माझं हात मोकळंच हाईत की."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाकरी थापताना, भांडी घासताना रोज ते हात माझ्यासमोर असायचे. पण त्यांत बांगडी नाही, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आणि आत्ता तर मला धडकीच भरली, कारण काथ्या चालवणारे हातही तेच.

"आत्ती, जोर लावायचा न्हाई. बाळाचं तोंड पुसल्यागत."

"पोरं वाढवल्याती मी. शिकवू नगंस."

त्यांचा सुकलेला हात खांद्यापर्यंत आत गेला. मी बाहेरून बोट ठेवायची, तिथे आतून त्या फडकं फिरवायच्या. इतक्या हळू, की या बाई याच का, असं वाटावं. फडकं बाहेर काढायच्या, खळबळायच्या, पुन्हा आत. मासे आधी कोपऱ्यात दडले, मग एकेक करून येऊन त्यांच्या मनगटाला तोंड लावू लागले. सासूबाई चक्क हसल्या. "गुदगुल्या करत्याती गं!"

संध्याकाळी मी मोबाईलचा उजेड सगळीकडून फिरवला. माझ्या चुड्याची ती रेघ सोडली तर नवा चरा एकही नव्हता. सासूबाई पदराने हात पुसत उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ दे पेटी," त्या म्हणाल्या. "परत पुसायची झाली की मला हाक मार. सणावाराला ह्या हातास्नी दुसरं कोण बोलवतंय?"

भाजीचा भाव सांगावा तशा सुरात हे सांगून त्या कुकर लावायला गेल्या. पेटी वाचली होती, पण मला आनंद होईना. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. दरवर्षी हळदीकुंकवाला बायका जमू लागल्या की त्या मुकाट्याने आत जाऊन बसायच्या, आणि आम्ही सगळे ते धरूनच चालायचो.

नवरात्रातल्या शुक्रवारी सोपा बायकांनी भरला आणि सासूबाई सवयीने आत निघाल्या. मी दारात आडवी झाले आणि हळदीकुंकवाचं ताट आधी त्यांच्यापुढे धरलं. बायका वळून बघू लागल्या. सासूबाईंनी मान मागे घेतली.

"लोकं बघत्याती गं," त्या पुटपुटल्या.

"बघू देत की," मी म्हटलं आणि ताट तसंच धरून उभी राहिले.