मी न दाखवलेलं बटण

भाकरी थापताना मामांचे हात परातीत आणि कान दाराकडे असायचे. चप्पल वाजली की मान न वळवता म्हणायचे, "या, बसा. भाकर व्हायलीय." मग आलेला माणूस जेवणारा असो, पत्ता विचारणारा असो नाहीतर लाईटबिलवाला, त्याला बसावंच लागायचं.

अंबाजोगाईत आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची खानावळ होती. बाप्या माणूस भाकरी थापतो म्हणून आम्ही मुली पहिल्यांदा नुसतं बघायला गेलो. एकीनं विचारलं, "मामा, हे कुठं शिकलात?"

"उसाच्या फडात. लई मोठी इनव्हर्सिटी हाय ती."

तुम्हाला माहीतच असेल, आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मामींचं ऑपरेशन झालं, त्यांना मोळी उचलेना, आणि मामा अर्धा कोयता झाले. तरी दोघं आणखी दोन हंगाम तोडीला गेले. दिवसभर ऊस तोडायचा आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येऊन मामी सांगतील तशा भाकरी करायच्या. पहिल्या भाकरी बैलानंसुद्धा हुंगून सोडल्या, असं मामी हसत सांगायच्या. लेक धारूरकडे चुलत्याजवळ ठेवलेली. दुसऱ्या हंगामानंतर परत आले तर ती पोर आईकडे धावली आणि बापाला बघून चुलत्यामागं लपली. मामांनी कोयता तिथंच ठेवला आणि दोघींना घेऊन अंबाजोगाई गाठली.

माझे आई-बापही ऊसतोडीचेच, घाटनांदूरजवळच्या वस्तीवरचे. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. हे मी लपवत नाही, मिरवते. निकाल लागला तेव्हा मामा गल्लीत सांगत सुटले, "आपली पोरगी सायेब होणार." जशी काही मी त्यांचीच.

साहेब नाही, पण नोकरी लागली. मोबाईलवरून घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीत. हॉटेलं, खानावळी ॲपवर आणायच्या हे काम. पहिलं नाव मामांचंच घेतलं.

"माणूस दिसत न्हाई अन् वाढायचं कसं?"

"ऑर्डर येते मामा. हिरवं बटण दाबायचं, डबा भरायचा. न्यायला माणूस येतो."

"अन् त्याला अजून एक भाकर पायजे आसंल तर?"

याचं उत्तर आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मामी बाजेवरून म्हणाल्या, "घ्या की वो. आपल्याच पोरीचं काम हाय." घेतलं.

फोनची घंटी वाजली की मामा फोनलाच म्हणायचे, "या, बसा." प्रत्येक पार्सलात एक भाकरी जास्तीची. "लाजंनं मागत न्हाईत लोकं." भाजी संपली तर ऑर्डर देणाऱ्याला फोन लावायचे, "पिठलं टाकू का?" आम्ही हसून बेजार. पण त्यांच्या लेखी ती घंटी म्हणजे दारात उभं राहिलेलं माणूस होतं, आणि दारातलं माणूस त्यांनी कधी माघारी लावलं नव्हतं.

ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात खानावळ बंद ठेवायचं बटण होतं. तासभर बंद, दिवसभर बंद, हवं तसं. ते मी मामांना दाखवलं नाही. सुरुवातीला विसरले असेन. पण मग मीटिंगमध्ये साहेबांनी मामांचं नाव घेतलं, सगळ्यात जास्त तास चालू राहणारी खानावळ म्हणून, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी विसरले नव्हते.

एका दुपारी गेले तर मामी तापानं फणफणलेल्या, धाप लागलेली. लेक तेव्हा नर्सिंग शिकायला बाहेरगावी होती. मामा पीठ मळत होते.

"मामा, दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"निघालोच. एवढं एक दारात हाय, त्याला वाढतो अन् निघतो."

भाकरी तव्यावर पडली आणि घंटी वाजली. ती उतरली तोवर आणखी एक. मामा एकदा बाजेकडं बघायचे, एकदा फोनकडं. फोन माझ्या हाताशी होता. मी म्हणाले, "तुम्ही उरका मामा, मी नेते मामींना."

रिक्षात मामींनी दोनदा विचारलं, "हे मागून यायलेत न्हवं?"

"यायलेत," मी म्हणाले. आपण काहीतरी मोठं करतोय असंच मला तेव्हा वाटत होतं.

मामा पोचले तोवर मामींना ऑक्सिजन लावला होता. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

तेराव्यानंतर खानावळ सुरू झाली. बाकडी मात्र रिकामी होत गेली. कॉलेजची पोरं भिंतीपलीकडच्या हॉस्टेलमधूनच ऑर्डर द्यायची.

काही महिन्यांनी कंपनीनं एक फॉर्म दिला. हॉटेलवाले ॲप सोडून का जात नाहीत, विचारून या. स्टँडजवळचा वडापाववाला म्हणाला, शेजाऱ्यानं ठेवलंय म्हणून. बिर्याणीवाले चाचा म्हणाले, "नाव दिसलं न्हाई की लोकं समजतेत, दुकान बसलं." घरून पुरणपोळ्या विकणाऱ्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, "दुकानात बसावं लागत न्हाई, म्हणून सासऱ्यांना चालतंय."

मग मामांकडे गेले. "मामा, तुम्ही काहून सोडत न्हाई हे?"

त्यांनी पिठाचे हात तसेच वर धरून माझ्याकडं बघितलं. "सोडता येतंय?"

मी 'सेवेबाबत समाधानी' या चौकोनात खूण केली आणि बाहेर आले. गाडी सुरू केली. बंद केली. परत आत गेले आणि बटण दाखवलं.

मामांनी दाबलं. बंद झालं. पुन्हा दाबलं. चालू झालं.

"हे आधीपसून व्हतं?"

"हो."

"तुला ठावं व्हतं?"

"हो, मामा."

त्यांनी परातीतलं पीठ गोळा केलं. "मग त्या दिशी मीच नेलं असतं तिला," ते म्हणाले. शिवी नाही, चढा आवाज नाही. ॲप त्यांनी सोडलं नाही. "जेवणारे तिकडं जाऊन बसलेत. मी हितं बसून काय करू?"

नोकरी मी सोडली, आता पतसंस्थेत आहे. मामांकडे जात राहिले. पूर्वी नको म्हटलं तरी ते वाढायचे. आता नको म्हटलं की थांबायचे.

मग एके दिवशी खानावळीला कुलूप दिसलं. लेक येऊन त्यांना धारूरला घेऊन गेली, असं गल्लीतून कळलं. मला निरोप नव्हता.

परवा ती लेक स्टँडवर भेटली. तिनंच हाक मारली, माझा हात धरला. "अण्णा बरे हायेत. पडवीत बसतात. आईला शेवटी तुमी दवाखान्यात नेलं, हे येईल त्याला सांगतात." मी तोंड उघडलं तेवढ्यात तिची गाडी लागली. बटणाचं मामांनी तिला सांगितलेलं नव्हतं. मीही नाही सांगितलं.

ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. धारूरला त्यांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर झालंय. त्या घरातून आता कोणी ऊसतोडीला जात नाही.