चौकटीच्या कोपऱ्यातली बाई

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर एका झेरॉक्सच्या टपरीवर समीक्षा अर्ज लिहायला बसायची. तिची ख्याती अशी, की तिचा अर्ज आत गेला की कारकून आधी चहा मागवायचा आणि मग तो मोठ्यानं वाचायचा. रेशनकार्ड ओढ्यात वाहून गेल्याचा साधा अर्ज, दुसऱ्या कुणी दोन ओळींत उरकला असता. समीक्षानं लिहिलं होतं, ‘अर्जदार ओढ्याच्या मधोमध पोचले. तेवढ्यात! पाण्याची प्रचंड लाट उसळली.’

कारकुनानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, “समीक्षाताई, आपल्या ओढ्याला लाटा कधीपासून यायला लागल्या?”

रांगेतले सगळे हसले, तीही हसली. पण कार्ड मिळालं, आणि लोक म्हणू लागले की अर्ज लिहावा तर समीक्षानंच.

हे ‘तेवढ्यात’ तिला मुरबाडला मिळालं होतं. तिचा दीपेशमामा मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरेपर्यंत बसलेलं गिऱ्हाईक कंटाळून दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसायचं. मामानं त्यावर तोड काढली. कल्याणच्या रद्दीतून त्यानं हिंदी कॉमिक्सचा गठ्ठा आणला आणि पुढच्या काचेपाशी ठेवून दिला. उडणारे, भिंती फोडणारे, मुखवटा घालून बदमाशांना लोळवणारे नाना तऱ्हेचे वीर. गिऱ्हाईक चित्रं बघत बसून राही. मामाची जीप सगळ्यांच्या आधी भरू लागली.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात नऊ वर्षांची समीक्षा आजोळी आली आणि त्या गठ्ठ्यावर तुटून पडली. अडचण एकच होती. जीप भरली की मामा तिला खाली उतरवायचा आणि पुस्तक जीपबरोबर कल्याणला जायचं. वीर कड्यावरून खाली कोसळतोय, कोपऱ्यातल्या पिवळ्या पट्टीत ‘तभी’ लिहिलंय, आणि जीप गेली! मग तीन तास एसटी स्टँडच्या कठड्यावर बसून ती पुढची गोष्ट मनात रचायची. मामा परत आला की विचारायचा, “मंग? वाचला का तो?” ती सगळं रंगवून सांगायची, आणि मग खरं पान उघडून बघायची. पुष्कळदा तिला आपलीच गोष्ट जास्त बरी वाटे. लेखिका व्हायचं तिनं त्या कठड्यावरच ठरवलं.

घरी आई, अनिता, वैतागायची. “पोरीच्या जातीला ही मारामारीची पुस्तकं कशाला गो? चूल पेटव आधी.” पण ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. पुढं मामानं जीप विकली तेव्हा गठ्ठा भाचीला देऊन टाकला. तिनं तो ट्रंकेत ठेवला आणि दोनशेपानी वहीत स्वतःची नायिका जन्माला घातली. तिची नायिका तानसाच्या तळ्याखाली राहायची, मुंबईला पाणी नेणाऱ्या अजस्र नळातून सूंऽऽ करत मुंबई गाठायची, संकटातल्या लोकांना सोडवायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. तिला कधी भीती वाटायची नाही, कधी खरचटायचंही नाही. समीक्षानं तिच्या गोष्टी दिवाळी अंकांना पाठवल्या. बारा गेल्या आणि बारा साभार परत आल्या. तिला खरंच रडू यायचं. आपल्या गोष्टीत काय कमी आहे, हे कुणी सांगतही नव्हतं.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात तानसाकडच्या जंगलपाड्यावरची बाईजा टपरीवर आली. साठीची काटक बाई, कमरेला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. तिची गाय बिबट्यानं मारली होती. वनखात्याकडून भरपाई मिळाली तर दुसरी पाडी घेता येणार होती.

“तुमी तिथंच होता का, आजी?” समीक्षानं विचारलं.

“होती,” बाईजा म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

शहाण्या माणसानं इथं थोडं थांबून पुढचं विचारलं असतं. पण आमच्या बाईसाहेबांची नजर त्या कोयत्यावर गेली, आणि झालं! लेखणी सुटली. ‘गाईची मान जबड्यात धरून बिबट्या ओढू लागला. तेवढ्यात! अर्जदार बाईजा यांनी कोयता उपसून त्याच्यावर झेप घेतली व वार केला. जखमी बिबट्या पळून गेला.’ बाईजानं अंगठा उठवला. काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही आणि समीक्षानं वाचून दाखवलं नाही.

आठ दिवसांनी बाईजा परत आली, ती तिच्या मुलाबरोबर. मुलाचं नाव विठू. बाईजाच्या कमरेची आकडी रिकामी होती.

“कोयता नेला त्यांनी,” विठू म्हणाला. “बिबट्याला मारलं तर गुन्हा होतो म्हनं. मोठ्या सायबानं आईला उद्या बोलावलंय. ताई, आईनं मारला कधी? तू काय लिवलंस?”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. विठू ओरडला असता तर समीक्षाला सोसवलं असतं, पण बाईजा नुसती तिच्याकडे बघत होती. म्हातारी घाबरली होती, आणि ते आपण केलंय हे समीक्षाला स्वच्छ दिसत होतं.

टपरीच्या मालकानं सल्ला दिला की तू यात पडू नकोस, म्हातारीनंच तसं सांगितलं म्हणायचं, नाहीतर उद्यापासून तुझ्याकडे काळं कुत्रं येणार नाही. सल्ला व्यवहाराचा होता. घरी जेवण गेलं नाही. वहीतल्या नायिकेनं अशा वेळी काय केलं असतं याचा तिनं विचार करून पाहिला, पण त्या बयेला कधी चूक कबूल करायची पाळीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईजा आणि विठूबरोबर वनखात्याच्या कचेरीत गेली. “साहेब, ते मी मनानं लिहिलं,” ती म्हणाली. “आजींनी सांगितलं नव्हतं. काय करायचं ते मला करा.”

साहेबांनी तिला बरंच सुनावलं, आणि ते सगळं खरंच होतं. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. “आता ही सांगेल तेवढंच लिहायचं. एक शब्द वाढवायचा नाही.”

विठूला बाहेर बसवलं. समीक्षानं पेन धरून ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा नुसती वाट बघितली.

“दुपारची येल होती,” बाईजा अखेर म्हणाली. “मी ऐनाच्या झाडाखाली बसलेली. त्यानं तिची मान धरली. कोयता माझ्या हातात होता, पन हात उचलंना. मंग मी पळाली. तिनं दोनदा हंबरून हाक मारली मला. मी वळली नाय. घरात शिरली न् कडी लावली.” तिनं दाराकडे पाहिलं. “पोराला सांगितलंय, मी गेली तवा ती मेलेलीच होती. त्याला नको सांगू गो.”

समीक्षानं शब्दास शब्द लिहिलं. ‘तेवढ्यात’ लिहायला तिथं जागाच नव्हती, कारण कुणी आलंच नव्हतं.

गाईच्या अंगावरच्या दातांच्या खुणा पंचनाम्यात होत्याच. साहेबांनी जबाब वाचला, प्रकरण मिटवलं आणि कोयता परत दिला. भरपाई पावसाळ्याच्या तोंडावर मिळाली. टपरीही सुटली नाही. फक्त कारकुनाच्या चहाची गंमत गेली, कारण समीक्षाचे अर्ज आता दोन ओळींचे असत.

पण ती दुपार तिच्या डोक्यातून जाईना. एका रविवारी तिनं ट्रंक उघडून मामाचा गठ्ठा बाहेर काढला. शेकडो वेळा वाचलेली पानं. प्रत्येक पुस्तकात संकट आलं की चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात माणसं पळत असत, बोटाच्या पेराएवढी. त्यांच्या डोक्यावर एकच शब्द असे, ‘भागो!’ अकरा वर्षांत तिनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. एका चौकटीत एक बाई होती, तिच्या एका पायातली चप्पल मागं राहिली होती. कुण्या चित्रकारानं एवढ्याशा जागेत ती चप्पल काढायचे कष्ट घेतले होते. वीर पुढच्या पानावर उडून गेला. ती बाई घरी जाऊन काय करत असेल? हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

समीक्षानं वही उघडली. गोष्टीतल्या बाईचं नाव बदललं, गाव बदललं, गाईच्या जागी शेळी केली. शेवटी बाई मागं वळते, कोयता घेऊन धावत येते, असं तिनं लिहिलं. झकास जमलं होतं. दोन दिवस ते पान तिनं पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग खोडलं. गोष्ट कल्याणच्या एका लहानशा दिवाळी अंकानं घेतली.

अंक घेऊन ती पाड्यावर गेली. विठू कामाला गेला होता. बाईजा नव्या पाडीला गवत घालत होती. “आजी, यात तुमच्यासारखी एक बाई हाय,” समीक्षा म्हणाली. “नाव तुमचं नाय. पन आधी विचारायला पायजे होतं, ते विचारलं नाय.”

“वाच,” बाईजा म्हणाली.

समीक्षानं या खेपेला सगळं वाचून दाखवलं. ओट्यावर बसून बाईजा ऐकत होती. गोष्ट संपली.

“ती बाई,” तिनं हळूच विचारलं, “मागारी फिरती का गो?”

समीक्षानं अंक मिटला. “नाय, आजी.”

बाईजानं पदरानं डोळे पुसले. “बरं केलंस,” ती म्हणाली. “फिरली असती तर मी परत एकटीच राहिली असती.”