गणपती सप्टेंबरात, मतदान जानेवारीत

जर्मनीत चार मराठी माणसं जमली की मंडळ होतं, आणि मंडळ झालं की अध्यक्षपदावरून भांडण. किस्से ठेवायला तळघर असतं तर आमचं कधीच भरलं असतं!

आमचं गणपतीचं मंडळ तीन गावांचं: गेर्लिंगेन, बाड हॉम्बुर्ग आणि आम्ही लुडविग्सहाफेनवाले. मागच्या निवडणुकीत एकाच हॉलमध्ये नुसता आरडाओरडा झाला. तेव्हा अमेरिकेत, आयोवात राहून आलेल्या नितीनने उपाय काढला. "तिकडे राष्ट्राध्यक्षाचा उमेदवारसुद्धा एका दिवसात ठरत नाही. एकेक राज्य आपापल्या तारखेला मत देतं. आपण एकेक गाव घेऊ. भांडण तरी हप्त्याहप्त्याने होईल!"

*

गेर्लिंगेनने जूनमधला रविवार धरला. "पहिलं मत देणाऱ्यालाच भाव असतो," नितीन बोलून गेला. झालं! बाड हॉम्बुर्गने मे पकडला, आम्ही मार्च, गेर्लिंगेन फेब्रुवारीत घुसलं. शेवटी तिघेही जानेवारीत येऊन थडकलो.

"आल्झो, म्हणजे हे बघा, अजून एक उडी मारलीत तर गेल्या वर्षीचा अध्यक्ष निवडावा लागेल!" नितीन वैतागला.

खूश एकटा आमचा श्रीकांत. तो उमेदवार होता, आणि साताऱ्याहून आलेले त्याचे वडील, अप्पा, फेब्रुवारीत परत जाणार होते. "अप्पांनी मला अध्यक्ष झालेलं बघायला हवं," हे तो भेटेल त्याला सांगायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

*

पहिलं मतदान गेर्लिंगेनचं. ते तिथलीच दुसरी उमेदवार, वर्षा, हिने जिंकलं.

बाड हॉम्बुर्गला श्रीकांतने लेकीला, ईराला, दारात उभं केलं. "बाबांना मत द्या, असं म्हणायचं." ईराला मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. येणाऱ्या प्रत्येकाला ती दटावत होती, "गेहाइम!" म्हणजे गुप्त! मत कुणाला सांगायचं नसतं, असं शाळेत शिकवलं होतं.

तरी श्रीकांत जिंकला. आता सगळं आमच्यावर.

*

आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, नितीनच्या आयोवासारखं कॉकस! ज्याला निवडायचं त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं. आमच्यातलं सगळ्यात वडीलधारं जोडपंच फुटलं: काकू श्रीकांतच्या कोपऱ्यात, काका वर्षाच्या.

"अहो, इकडे या!"

"मी वर्षाला शब्द दिलाय."

"मग जेवायलाही तिच्याकडेच जा!"

काका मुकाट्याने आले. "असा कोपरा बदलला की तिकडे त्याला रीअलाइनमेंट म्हणतात," नितीन म्हणाला.

काकांमुळे श्रीकांत एका मताने पुढे गेला.

*

हॉलमध्ये कडाक्याची थंडी. अप्पांना मत नव्हतं, पण हीटर वर्षाच्या कोपऱ्यात होता. ते खुर्ची ओढून तिथे बसले.

"अप्पा, आपला कोपरा इकडे!" श्रीकांत ओरडला.

"तिकडे गारठा आहे रे. गुडघे धरलेत माझे. तूच ये, शाल घेऊन."

"मोजणी सुरू! आता जो जिथे उभा, त्याचं मत तिथे!" नितीनने बजावलं.

श्रीकांतने हातातल्या शालीकडे पाहिलं. मग हॉल ओलांडून तो गेला आणि अप्पांच्या गुडघ्यांवर ती नीट पसरू लागला. नितीनने त्याला तिथेच मोजला. वर्षा एका मताने जिंकली. टाळ्या झाल्या.

"काय रे, अध्यक्ष कोण झालं?" अप्पांनी विचारलं.

"आपल्याच कोपऱ्यातलं, अप्पा."