साडी गार्डचं वजन

माझ्या आईची डावी टाच माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा मी गाडीबद्दल बोलायला लागलो की मला थांबवत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मी गंमत सांगतोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईत होळी नावाचा भाग आहे, तिथे आमची छोटी वाडी. मुळा, माठ, अळू आणि थोडी केळी. भाजी बाजारात न्यायला बापाने शंभर सीसीची एक जुनी मोटरसायकल घेतली होती. सकाळी आई मागे बसायची, एका अंगाला, पाटी मांडीवर. तिला वसईच्या बाजारात सोडून मी गोखिवऱ्याला वर्कशॉपमध्ये कामाला जायचो. सोमवार ते शनिवार ती भाजीची गाडी. रविवारी माझी रेसची.

रेस म्हणजे तरी काय, मिठागरांमधून एक सरळ रस्ता जायचा, रविवारी सकाळी त्यावर कुत्रंही नसायचं. विजेचे आठ खांब मोजायचे, दोघांनी एकदम सुटायचं, आठव्या खांबाशी पुढे असेल तो जिंकला. फुलपाड्याचा एक मुलगा यायचा. गाडी माझ्यासारखीच, तशीच जुनी, तरी दर रविवारी मला मागे टाकायचा. पाचव्या खांबापर्यंत आम्ही बरोबर, आणि मग तो हळूच सरकत पुढे. जिंकला की मागे वळून हसायचा. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं होतं.

वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या लेथवर एक टर्नर होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, शांत माणूस, रविवारी आमच्या रेसला घड्याळ धरायला यायचा. तो म्हणाला, "पाचव्या खांबापर्यंत तू बरोबर असतोस ना? मग वजनाचं दुखणं नाही तुझं. वजन सुटताना नडतं. वेग आल्यावर नडतो तो वारा. तो फुलपाड्याचा टाकीवर पालथा पडतो, आणि तू छाती काढून बसतोस, वरातीतल्या नवऱ्यासारखा."

"पालथं पडायला मी काय आजारी आहे?" मी म्हटलं.

खरं सांगायचं तर पालथं पडलो असतो तर रेस बघायला येणाऱ्या चार पोरांना माझं तोंड दिसलं नसतं. आणि दुसरं म्हणजे वारा काही हातात येत नाही. वजन येतं. पाना लावला, बोल्ट फिरवला, वस्तू निघाली, की आपण काहीतरी केलं असं वाटतं. मी हट्टाला पेटलो. आरसे काढले. मागचा मडगार्ड काढला. स्टँड काढला, गाडी भिंतीला टेकवून उभी करायला लागलो. काढलेली प्रत्येक वस्तू मी आईच्या भाजीच्या तराजूत तोलायचो, एका पारड्यात गाडीचं सामान, दुसऱ्यात तिची लोखंडी मापं. एकदा तिला पारड्यावर ग्रीस दिसलं.

"हे काळं कोनी लावलं? लोकांच्या पोटात जाते ना भाजी," म्हणत तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. कशाचं ग्रीस, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शेवटी राहिली साडी गार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला सळ्यांची जाळी असते ना, बायकांची साडी चाकात जाऊ नये म्हणून, ती. तिलाच खाली पाय ठेवायची पट्टी. शनिवारी संध्याकाळी ती काढून तोलली. सव्वा किलो भरली. मी इतका खूश झालो की विचारू नका.

रविवारी पुन्हा हरलो. पाचव्या खांबापर्यंत बरोबर, आणि मग तेच. सोमवारी आईला न्यायच्या आधी जाळी परत बसवायची असं मी ठरवलेलं होतं. दहा मिनिटांचं काम. पण रागात पाना हातात घ्यावासाच वाटला नाही. तिथे मी शेण खाल्लं.

सोमवारी आई पाटी घेऊन मागे बसली. पाय खाली सोडून चाचपायला लागली. "पाय ठेवायची पट्टी कुठं गेली रे?"

"तुटली. वेल्डिंगला दिलीय," मी म्हटलं. "पाय जरा वर धर. पाच मिनिटांचा तर रस्ता."

तिने धरले. आई माझं ऐकायची. विहिरीजवळच्या वळणाला मागून जोराची ओढ लागली, मला वाटलं ब्रेक जाम झाला. आणि मग गाडी एकदम हलकी झाली. इतकी हलकी ती कधीच झाली नव्हती. मागे बघितलं तर अळूची पानं रस्ताभर, आणि आई आडवी पडलेली. साडी चाकाने ओढून घेतली होती आणि साडीबरोबर पायही ओढला होता.

डॉक्टरांनी टाच शिवली, दोनदा. पण ती पूर्वीसारखी टेकेना. बाजारात दिवसभर उकिडवं बसून भाजी विकणारी बाई, तिला आता उकिडवं बसता येईना. चार महिने ती गेलीच नाही. तोवर तिची वर्षानुवर्षांची जागा दुसऱ्या बाईने धरली. बापाने विचारलं, कसं झालं? आई म्हणाली, "मीच साडी नीट आवरली नव्हती." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच सांगायची, आणि मी बाजूला उभा राहून ऐकायचो. माझी मलाच किळस यायची, पण तोंड उघडत नव्हतं.

टर्नरने जाळी गाडीला परत बसवून दिली. मी त्याला म्हटलं, एकदा घड्याळ घेऊन ये. रेस लावायची नव्हती. मला फक्त बघायचं होतं, त्या सव्वा किलोने मला काही दिलं असतं का. आम्ही दोघंच गेलो. जाळी लावून तीनदा पळवली, काढून तीनदा. घड्याळाला फरक दिसलाच नाही. मग त्याने जाळी पुन्हा आवळली आणि म्हणाला, "आता पालथा पड." पडलो. हनुवटी टाकीवर, कोपर आत. आठव्या खांबाशी घड्याळ त्याने मला दाखवलं. जवळजवळ एक सेकंद वाचला होता, जाळीसकट, पट्टीसकट. मी मिठागराच्या बांधावर बसलो आणि रडलो. तो लांब उभा राहिला.

त्या संध्याकाळी आई ओट्यावर पाय लांब करून माठाच्या जुड्या बांधत होती. आता त्या बाप विकायला न्यायचा. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खांब, फुलपाड्याचा मुलगा, पाना, सगळं. जाळी तुटली नव्हती, मीच काढली होती, हेही सांगितलं.

"तरीच पारड्याला ग्रीस," एवढं म्हणाली. मग विचारलं, "किती भरली?"

"सव्वा किलो."

तिने हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"मग सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "मी चालत गेली असती."