आत्याबाईंच्या तोंडची वाक्यं

आमच्या बचत गटाला मागच्या वर्षी एक वेगळंच काम मिळालं. मोबाईलवर एक इंग्रजी वाक्य यायचं, खाली त्याचं मराठी, आणि त्याखाली तीन चौकोन: परवानगी, अंदाज, सक्ती. बोलणारा यातलं काय करतोय ते ओळखून चौकोनावर बोट लावायचं. इंग्रजीत म्हणे मे, कॅन, मस्ट असे शब्द आहेत. तेच शब्द कधी परवानगी देतात, कधी अंदाज बांधतात, कधी धाक दाखवतात, आणि कॉम्प्युटरला यातलं काय चाललंय ते कळत नाही. त्याला शहाणं करायला आम्ही रेणापूरच्या बायका.

मी चौथी शिकलेली. पण या कामात तोंड उघडावं लागत नव्हतं, म्हणून मला ते फार आवडलं. दुकानात साबण मागतानाही मला घाम फुटतो.

महिनाभराने लातूरच्या ऑफिसातून फोन आला. माझी बहुतेक सगळी उत्तरं 'सक्ती' निघाली होती. येऊन समजावून सांगा, नाही तर काम बंद.

समजावून सांगा, म्हणजे बोला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "मी येते संगं. तू गप बसशील अन् ती बाई काम काढून घेईल."

ऑफिसात नांदेडच्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर माझी उत्तरं काढली.

"'पाऊस येऊ शकतो.' हा अंदाज आहे ना ताई? तुम्ही सक्ती लावलंय."

मी टेबलाच्या पायाकडे बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "मी असं म्हनले की ही पळत जाऊन गच्चीवरच्या कुरडया उचलते. न्हाई उचलल्या तर माझ्या तोंडाला कोन लागंल?"

"बरं. 'तू थोडा वेळ झोपू शकतेस.' ही तर परवानगी."

"भर दुपारी मी असं म्हनले तर ही झोपंल का? उठून भांडी घासंल."

"'ते घरीच असले पाहिजेत.' हा अंदाज. ते घरी असतील, असं कुणाला तरी वाटतंय."

"वाटायलंय कशाचं? आमचा म्हातारा पत्ते खेळायला निघाला की मीच म्हनते तसं."

मॅडमनी कपाळ चोळलं. तेवढ्यात चहा आला. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही चहा घेऊ शकता."

आत्याबाईंनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. चहावर साय धरली.

"चहा घेत नाही का तुम्ही?"

"घेते की, दिवसातून चार बार. पर कुनी घ्या म्हनलं तर. तुम्ही तर घेऊ शकता म्हनलाव. हात धड हायत माझे, घेऊ शकते ते मला म्हाईत हाय."

मॅडम जरा रागावल्याच. "आजी, काम ताईंचं आहे, त्यांना बोलू द्या. त्या बोलणार नसतील तर मला त्यांचं नाव काढावं लागेल."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी टेबलाच्या पायालाच सांगितलं, "मॅडम, वाक्य कोन म्हनलंय ते कुठंच लिवलेलं न्हाई. मग मी आत्याबाईच धरल्या."

"सगळ्या वाक्यांना?"

"हाव. आमच्या घरी दुसरं कोन बोलतंय?"

मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, माझं नाव काढणार नाही म्हणाल्या, आणि आत्याबाईंकडे वळल्या. "घ्या ना आजी. माझ्यासाठी घ्या. अर्धा तरी घ्या." आत्याबाईंनी सायीसकट गार चहा संपवला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या बायकांच्या मोबाईलवर नवं काम आलं. आता प्रत्येक वाक्याखाली आणखी दोन रकाने होते: बोलणारा कोण, आणि कुणाशी बोलतोय. आधीची सगळी वाक्यंही परत भरायची होती.

गटाच्या अध्यक्षीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "जन्मात एकदा बोललीस बाई, अन् पंधरा जनींचं काम दुप्पट करून आलीस."

मी दार अर्धं लोटून रकाने भरायला बसले.